खिडकीवरची पिशवी

लघवीचा वास कपड्यातून जातो, नाकातून जात नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढे वाचून कुणीतरी म्हणेल, बाईने केवढी सेवा केली, तिला काही वाटलंसुद्धा नाही. मला वाटलं. किळस आली, रोज आली, आणि सगळी काही लघवीचीच नव्हती.

आपला पालघर जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. माझे थोरले दीर, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ, तलासरीच्या अलीकडे एका पाड्यावर राहायचे. थोडं भात, थोडी चिकूची झाडं. बायको वारलेली, मुलगा वापीला कंपनीत. त्यांची लघवी अडली. पुरुषांना मूत्रपिशवीच्या तोंडाशी एक गाठ असते, ती म्हातारपणी फुगते आणि वाट दाबून टाकते. बरेच महिने थेंब थेंब चाललं असणार, पण हा माणूस कुणाला सांगेल तर शपथ! पोट ढोलासारखं झालं, उठता येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी रिक्षात घालून डहाणूला आणलं. नळी घातल्याबरोबर लघवीचं भांडं काठोकाठ भरलं म्हणे, दुसरं आणावं लागलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हाला सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "लघवी तुंबून मागे किडनीपर्यंत दाब गेलाय. दोन्ही किडन्या दमल्यात, पण अजून वाचू शकतात. नळी राहू द्या, रिपोर्ट सुधारला की ऑपरेशन करू. पुन्हा तुंबू दिलंत तर किडन्या जातील, मग आयुष्यभर डायलिसिस." इथे डहाणूत ते कुठलं आलंय? आठवड्यातून दोन-तीनदा त्या माणसाला हायवेने कोण नेणार? म्हणजे एवढंच करायचं होतं, महिनाभर लघवी वाहती ठेवायची.

ते आमच्याकडे आले, कारण आमचं घर डहाणूत, दवाखाना जवळ, आणि माझा नवरा रेल्वेतून रिटायर होऊन घरीच बसलेला.

आता यात मेख अशी. आमच्यात थोरल्या दिरासमोर बायकोने पदर तोंडावर ओढायचा, थेट बोलायचं नाही, ते असतील त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आमच्या शेजारच्या गुजराती घरांत लाज काढतात, म्हणजे घुंगट ओढतात, तसंच. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण ह्या माणसाची मला पावलं तेवढी नीट माहीत. तोंड पाहिलं ते जास्त करून फोटोत. जेवताना ते नवऱ्याला म्हणायचे, "तिला सांग, डाळ खारट झालीय." मी दाराआडून म्हणायची, "सांगा त्यांना, उद्या मीठ बघून घालीन." मधे माझा नवरा भात कालवत बसलेला असायचा. तो काहीच सांगायचा नाही, सांगायची गरजच नव्हती.

मग नळीचं कोण बघणार? नवरा म्हणाला, "भाऊ आहे माझा, मी बघतो." पहिल्या दिवशी नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीची खालची तोटी उघडली, बादलीत धार पडली, आणि हा बाहेर येऊन मोरीत भडाभडा ओकला. हाच माणूस बोंबलाची आतडी हाताने ओढून काढतो, खेकड्याची नांगी दाताने फोडतो. मी त्याची उलटी धुतली आणि बादलीही ओतून आले. म्हणजे एकाच्या जागी दोघांचं.

रविवारी पुतण्या आला. बापलेकांनी आणि माझ्या नवऱ्याने आत बसून काहीतरी खलबत केलं. दुपारी ठोकाठोक ऐकू आली. बघते तर भाऊजींचा पलंग खिडकीला लावलेला, नळी गजांमधून बाहेर काढलेली, आणि पडवीत, खिडकीच्या चौकटीला हूक मारून त्यावर लघवीची पिशवी टांगलेली! पुतण्या घाम पुसत म्हणाला, "काकी, आता तुम्हाला आत यायलाच नको. पडवीतूनच तोटी सोडायची. बाबांना पण बरं वाटेल." नवरा मान डोलावत होता, जणू काही पूल बांधला. आतून भाऊजींचा आवाज आला, "तिला सांग, पदराची काळजी नको आता."

दवाखान्यातून सोडताना सिस्टरने सगळं सांगितलं होतं, पण ऐकायला आत हे दोघे भाऊ. मी बाहेर बाकड्यावर. सिस्टरने सांगितलेलं, पिशवी अंगापेक्षा खाली ठेवा, पण जमिनीला टेकवू नका. ह्या दोघांच्या डोक्यात मागचं अर्धं राहिलं. जमिनीला नको, मग काय, टांगा उंच! पलंग आमचा बुटका, खिडकी छातीएवढी. नळी पलंगावरून वर चढायची, चौकट ओलांडायची आणि मग पिशवीत उतरायची. मला तरी तेव्हा कुठे कळत होतं? मला एवढंच दिसत होतं की माझ्या पडवीत, जिथे मी तांदूळ निवडते, तिथे आता हे लोंबतंय.

शेजारीण कुंपणावरून बघून म्हणाली, "अरे बेन, मध काढलास की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की तिची सून बघायला बाहेर आली. मी त्या दिवशी साडीच्या दुकानातून मिळालेली एक कापडी पिशवी घेतली, बाजूने उसवली आणि त्यावर चढवली. निदान दिसायला तरी भाजीची पिशवी वाटावी.

पडवीवर दुपारी ऊन येतं. प्लॅस्टिकमधली लघवी तापते. तोटी सोडली की वाफ नाकात जाते आणि तो वास! कुजलेल्या कोलंबीचा आणि अमोनियाचा. आत पांढरे पांढरे धागे तरंगायचे. रंग शिळ्या चहाचा. मी पदराने नाक दाबून एका हाताने तोटी उघडायची आणि मनातल्या मनात तिन्ही पुरुषांना काय काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. बघायला येणारे नातेवाईक मात्र म्हणायचे, "पुण्य लागेल गं तुला." मला त्या शब्दाचीच किळस बसली. पुण्य एवढं स्वस्त असेल तर तुम्हीही घ्या की थोडं, बादली तिकडे आहे. पण ते खिडकीपासून लांब खुर्ची ओढून बसायचे आणि चहात बिस्कीट बुडवायचे.

आठवड्याभरात पिशवी कमी भरायला लागली. नवरा खूश. "कमी झालंय बघ, बरं होतंय." कसलं बरं होतंय! भाऊजींनी पाणी पिणंच सोडलं होतं. पिशवी भरली की धाकट्याच्या बायकोला उठावं लागतं, त्याची त्यांना लाज. तांब्या सकाळी ठेवला तसाच संध्याकाळी. मी दाराआडून सांगायची, "सांगा त्यांना, पाणी प्या म्हणावं," आणि आतून यायचं, "तिला सांग, पितोय."

मग तो चिकूवाला पाहुणा आला. पाड्यावरचे त्यांचे जुने दोस्त, वयस्कर, अतिशय सज्जन माणूस. बघायला येताना स्वतःच्या झाडाचे चिकू टोपलीभर आणलेले. मी आत चहा ठेवत होते, नवरा साखर आणायला गेलेला. ह्या गृहस्थांना टोपली रिकामी करून न्यायची होती. पडवीत कोण नाही. खिडकीला कापडी पिशवी टांगलेली दिसली. भाजीची पिशवी आहे, घरातलीच आहे, त्यात भरून ठेवू, म्हणजे बायकांना त्रास नको. आणि भल्या माणसाने मूठ मूठ करून सगळे चिकू त्या पिशवीत घातले.

हे सगळं मला पुढे कळलं. मला पहिल्यांदा ऐकू आली ती भाऊजींची किंकाळी. उभ्या आयुष्यात असा आवाज मी ऐकला नव्हता. हूक वजनाने वाकला, पिशवी चौकटीवरून खाली घसरली आणि नळी आतून ताणली गेली. नळीच्या टोकाला आत फुगा असतो, त्यावर नळी अडून राहते. तो फुगा तुमच्या आत कुठून ओढला जात असेल त्याचा विचार करा. मी पडवीत धावले. चिकू सगळीकडे गडगडलेले, आणि पिशवीत लाल उतरत होतं. पाहुणा रिकामी टोपली धरून उभा, "वहिनी, मी फक्त चिकू ठेवले हो, फक्त चिकू!" त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि बंद केलं. ओरडणार काय? त्याने घरची भाजीची पिशवी समजूनच चिकू ठेवले होते. भाजीची पिशवी दिसावी म्हणून ती मीच चढवली होती.

दवाखान्यात नेईपर्यंत भाऊजी थंडीने कुडकुडत होते, अंग तापलेलं. सिस्टरने पोटावर हात ठेवला आणि कपाळाला आठी घातली. "पोट तर भरलेलं आहे. पिशवी कुठे टांगत होता?"

नवरा म्हणाला, "खिडकीला."

"पलंगाच्या खाली की वर?"

"वर. तुम्हीच म्हणालात ना, जमिनीला नको."

सिस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की मी पदराखाली डोळे मिटले. "काका, रेल्वेत होता ना? पाण्याची टाकी गच्चीवर का ठेवतात?"

नवऱ्याने खिशातून फोन काढला. पुतण्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे."

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती दमलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, पहिल्यापेक्षा वर गेलेला. अडकलेल्या लघवीत जंतू झाले होते, म्हणून ताप. डॉक्टर ह्या वेळी आवाज चढवून बोलले, "अजून एकदा असं झालं तर मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही, सरळ डायलिसिसला पाठवीन. घरी नळीची जबाबदारी कोण घेतंय, एकाने पुढे या." नवऱ्याने छताकडे पाहिलं. छताला काय होतं कुणास ठाऊक, पंखासुद्धा बंद होता.

मी पुढे झाले. सिस्टर म्हणाली, "या मावशी, आता नीट बघा," आणि तिने पडदा ओढला. पिशवी मांडीच्या खाली, पलंगाच्या कडेला, जमिनीपासून वीतभर वर. नळीला पीळ नको. मांडीला पट्टीने चिकटवायची, म्हणजे ओढ बसत नाही. अर्धी भरली की रिकामी. हात आधी धुवायचे आणि नंतरही. नळी जिथून आत जाते ती जागा रोज साबणपाण्याने, अंगापासून बाहेरच्या दिशेने पुसायची, उलट कधीच नाही. मी बघत होते. तिथे जमलेलं ते सुकं, पिवळट, सुक्या जवळ्यावर मीठ साचतं तसं. भाऊजींनी स्वतः धुतो म्हणून सांगितलं होतं आणि कधी धुतलंच नव्हतं. माझ्या घशाशी आलं. सिस्टर म्हणाली, "उलटी होतेय का? तोंडाने श्वास घ्या. मलाही सुरुवातीला व्हायची." ती एकटी बाई त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी पुण्याबिण्याचं बोलली नाही.

घरी आलो. पलंग खिडकीपासून ओढला. भाऊजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला सांग, आत यायचं नाही. मला पाड्यावर नेऊन सोडा. मेलो तर मेलो."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि उंबरा ओलांडून आत गेले.

"भाऊजी, मी इथेच उभी आहे. काय सांगायचंय ते मला सांगा."

नवरा म्हणाला, "अगं..."

"तुम्ही मधे बोलू नका. ओकायचं असेल तर मोरी मागे आहे." मग त्यांना म्हणाले, "लाज मलाही आहे आणि किळसही येते, दोन्ही आहे. पण तुम्ही पाड्यावर जाऊन सुखाने मरणार नाही. किडन्या जातील, अंगभर सूज येईल, मग तुमच्या ह्या भावालाच तुम्हाला उचलून डायलिसिसला वापीला न्यावं लागेल, आणि हा तिथे पण ओकेल."

भाऊजींनी उशाचा टॉवेल घेतला आणि स्वतःच्या तोंडावर ओढला. हनुवटीपर्यंत, नीट, कडा सारख्या करून. मी कोमट पाणी आणायला गेले.

मग रोज सकाळी तेच. मी हातमोजे चढवायची, ते टॉवेल ओढायचे. मी तोंडाने श्वास घेत काम करायची. सवय होते म्हणतात, ती बहुतेक दुसऱ्या लोकांना होत असेल. मला प्रत्येक सकाळी नव्याने किळस यायची, अंगावर शहारा यायचा, तो साबण मी आजही विकत घेत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी टॉवेलखालून आवाज आला, "पाणी गार आहे."

"थांबा, गरम घालून आणते."

"साबण जास्त लावू नका. झोंबतो."

"बरं."

म्हणजे आम्ही बोललो होतो. बाहेर नवरा पेपर वाचत होता, त्याचा पेपर खाली आला आणि पुन्हा वर गेला.

पाण्यावरून मात्र रोज भांडण. मी तांब्या समोर ठेवायची आणि तिथेच बसून राहायची. "पिऊन झालं की उठते." ते म्हणायचे, "तुम्ही जा, मी पितो." मी म्हणायची, "तुमचं 'पितो' मला माहीत आहे." शेवटी माझ्याकडे पाठ करून घटाघट प्यायचे, जणू विष देतेय.

ही बातमी बाहेर जायला वेळ लागतो का? चुलत सासूबाई आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत. खोलीच्या दारातून पाहिलं, मी पलंगाशेजारी खाली बसून पिशवी रिकामी करत होते, डोक्यावर पदर नाही. "शिव शिव! थोरल्या दिराला हात लावतेस? आमच्या वेळी..."

"सासूबाई, तुमच्या वेळी नळी नव्हती. तेव्हा अशी माणसं तडफडून मरायची आणि तुम्ही म्हणायचात, पोट फुगून गेला."

"जीभ बघ हिची!"

"तुम्ही करता का? हातमोजे आहेत ते तिकडे. या."

त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघाल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, विवळवेढ्याला घे, देवीला जाते, इथलं बघून डोळे विटले. मला त्यांचा राग आला नाही, खरी किळस आली, त्या बादलीची येते त्याहून जास्त. त्यांचं ते उरलेलं चहाचं भांडं मी दोनदा घासलं.

हळूहळू रंग उतरला. शिळ्या चहाचा कोऱ्या चहाचा झाला, मग पिवळा, मग लिंबू पिळलेल्या पाण्यासारखा. धागे गेले. ताप परत आला नाही. रोज पिशवी उजेडात धरून बघायची मला सवय लागली, दुसऱ्या बाया दूध बघतात तशी. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, "आता करू." ऑपरेशन गुजरातेत, सीमेपलीकडच्या एका दवाखान्यात झालं. दुर्बिणीतून आत जाऊन ती गाठ खरवडून काढतात. झाल्यावर काही दिवस पुन्हा नळी, लाल पाणी, तेच सगळं. मी तेही केलं. पुतण्या रोज संध्याकाळी केळी घेऊन यायचा आणि वॉर्डाच्या दाराशी उभा राहून "काय म्हणतात?" एवढं विचारून जायचा.

नळी काढायच्या दिवशी तिथली सिस्टर म्हणाली, "आता पाणी प्यायचं. लघवी आपणहून झाली पाहिजे. झाली तर घरी. नाही झाली तर पुन्हा नळी, आणि मग डॉक्टर ठरवतील." तिने एक मापाचं भांडं दिलं. "ह्यात करा, मला बघायचंय."

आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये. नवरा, पुतण्या आणि मी. भाऊजी फेऱ्या मारत होते, तांब्यावर तांबे रिचवत होते. पुतण्या दर थोड्या वेळाने विचारायचा, "बाबा, आली?" जणू बस येतेय. दोनदा आत गेले आणि तसेच बाहेर आले, चेहरा उतरलेला. पोट हळूहळू वर येताना मला दिसत होतं. तिसऱ्यांदा गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आले ते सरळ माझ्यासमोर. "झाली."

"धार होती?"

"होती."

"जळजळ?"

"थोडी."

"भांडं कुठे आहे?"

त्यांनी वॉर्डाकडे बोट दाखवलं. भांडं खाटेखाली होतं, जिथे सिस्टरने ठेवलं होतं तिथेच. मी संडासात गेले. त्या संडासाचं वर्णन करू नये. आधीच्या कुणाकुणाचं तिथे होतं, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, बादलीत पाण्यावर विडीचं थोटूक. भाऊजींचं त्यात कुठलं ते देवाला माहीत. मी पाणी ओतलं आणि बाहेर आले.

सिस्टर म्हणाली, "मापाशिवाय मी सोडू शकत नाही. पुन्हा पाणी प्या."

पुतण्या म्हणाला, "काय बाबा तुम्ही पण!" नवरा म्हणाला, "दादा, ऐकायचं ना." मी म्हणाले, "तुम्ही दोघे खाली जाऊन चहा पिऊन या." गेले.

भाऊजींनी पुन्हा तांब्या तोंडाला लावला. ह्या वेळी मी भांडं त्यांच्या हातात दिलं आणि संडासाच्या दाराशी उभी राहिले, नाकाला पदर लावून. आत पहिल्यांदा काहीच नाही. मग ठिबक, ठिबक, आणि मग भांड्याच्या तळाला लागणारी नीट धार. ती थांबेपर्यंत मी श्वास धरला होता, वासामुळेही आणि तशीही.

दार किलकिलं झालं आणि हात बाहेर आला. भांडं गरम होतं, काठाला थोडं सांडलेलं, माझ्या बोटांना लागलं. अंगावर काटा आला. हात लांब धरून, न सांडता, मी ते सगळ्या कॉरिडॉरमधून सिस्टरकडे नेलं. लोक बाजूला होत होते. तिने भांडं उजेडात धरलं, रेघ पाहिली, मशीन लावून पोटात किती उरलंय ते पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. दुपारी घरी जा."

मी बेसिनवर गेले आणि साबण लावून हात धुतले. मग पुन्हा लावला.